यजमान शेतकरी

केळीच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांतून अनिकेतने सगळ्यांत हिरवंगार, रुंद पानांचं पील निवडलं. बाकी तिघांनी माना डोलावल्या.

"नव्या खड्ड्यात लावायला हेच?" पूर्णिमाने विचारलं.

"हां दीदी, सबसे तगडा यही है," नेपानगरचा अनिकेत म्हणाला.

शेती महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुलं दर साल तापीकाठच्या या गावात राहून काम शिकत. आठ वर्षं त्यांचे यजमान शेतकरी होते पूर्णिमाचे वडील, लीलाधर. सातवी शिकलेले. त्यांच्या हाताखालून गेलेलं कुणी बँकेत शेती अधिकारी झालं, कुणी बियाणं तपासणीत, कुणी रोपांच्या प्रयोगशाळेत. त्यांतल्याच मृणाल मॅडम तर आता याच मुलांना शिकवत होत्या.

लीलाधर जाऊन दीड महिना झाला होता. त्यांच्या जागी यादीत कुणाचं नाव घालायचं ते आज ठरायचं होतं. पूर्णिमाला ते आपलं हवं होतं. ती शेतीची एम.एस्सी., इंदूरची नोकरी सोडून आलेली. गावातले सगळ्यांत जुने केळीवाले दगाकाका, त्यांना हे पटत नव्हतं.

"तू तं पुस्तकवाली, माय. पुस्तक पोरायले कॉलेजातबी भेटते."

त्यावर मॅडमनी नव्या यजमानाचा फॉर्म पिशवीतच ठेवला होता. तेच पूर्णिमाला जास्त लागलं होतं.

आता ती मुलांना सांगू लागली. पिलांचे प्रकार, कंद, त्यातला अन्नसाठा. मुलांनी पटापट वह्या काढल्या. चारही माना खाली गेल्या. केळीकडे पाहणारं कुणी उरलं नाही. बांधावर काका तंबाखू मळत राहिले.

पूर्णिमा मध्येच थांबली. "वह्या ठेवा," म्हणाली, आणि पहार अनिकेतच्या हातात दिली.

त्याचं रुंद पानांचं पील दोन घावांत सुटलं. शेजारचं, अरुंद पात्यांचं, किडकिडीत दिसणारं काही हलेना. तो घामाघूम झाला, वरची केळ गदगदा हलू लागली. पूर्णिमाने पहार घेतली, पायाने माती चाचपून पील आईला, म्हणजे मोठ्या केळीला, कुठे चिकटलंय ते पाहिलं आणि एकच घाव घातला. खालून नारळाएवढा कंद निघाला.

दोन्ही पिलं तिने सायलीच्या हातांत ठेवली. शहरात, बुधवाऱ्यात वाढलेली ही मुलगी सकाळपासून चिखल चुकवत चालत होती. कंदाच्या वजनाने तिचा एक हात सरळ खाली गेला. दुसऱ्या हातातल्या रुंद पानांकडे पाहत ती म्हणाली, "याचं सगळं पानांतच गेलं की."

काका बांधावरून उतरले. केळीच्या बुंध्यावरची जखम अंगठ्याने चाचपली.

"आईले धक्का नाही," ते मॅडमना म्हणाले. मग पूर्णिमाकडे न पाहता, "त्या नेपानगरवाल्याले पहिले पहार धरनं शिकव."

मॅडमनी हसू दाबत पिशवीतून फॉर्म काढला. इकडचे सगळे फॉर्म असतात तसा तो हिंदीत होता. पूर्णिमाने हात पदराला पुसले, गुडघ्यावर कागद धरून स्वतःचं नाव लिहिलं. खाली 'पिता का नाम'. शाळेपासून लिहीत आलेलं ते नाव तिने सवयीने एका दमात, चौकटीच्या कडेपासून लिहून टाकलं.

मग तिच्या लक्षात आलं. नावाआधी जागा उरली नव्हती. चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरांत, तिने 'स्व.' लिहिलं.