वाऱ्याचा कडता

या, असे जवळ सरका. पूर्वरंग संपलाय, बुवा चहा घेताहेत. तोवर वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले तेव्हाची एक गोष्ट सांगतो.

अकोल्याचा शालिकराम मुंबईला एका जहाजावर नोकरीला होता. काम काय, तर भर समुद्रात पतंग उडवायचा, दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि वारा किती हिसके देतो ते पाहायचं. बायकोला, जमुनेला, मुंबईच्या खोलीवर न्यायला तो बार्शीटाकळीला आला, तर सासरे भगवंतराव दारातच आडवे.

"पतंग उडवाचा पगार? जावईबापू, खरं सांगा, जेलात होते ना?"

"नाही मामाजी. समुद्रावर वाऱ्यात भवरे पडतात. ते मोजून राहिलो."

"मारुतीच्या बापाले मोजता? कावून, त्यानं काय चोरलं? मले पटल्याशिवाय पोरगी पाठवत नसतो."

 जहाज सुटायला आलेलं. जमुना आत्ता आली नाही तर पुढच्या वर्षावरच गेली. शालिकरामानं बैलगाडी जुंपली, सासऱ्यांना गाडीत बसवून पतंग चढवला आणि दोरीचा काटा त्यांच्या हाती दिला. कासरा जमुनेनं घेतला. वाळलेल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांतून तिनं गाडी अशी पिटाळली की काटा थयथय नाचू लागला.

"बापा! केवढा हा वारा!"

"यात गाडीचा हिसका बी आहे, मामाजी. जहाज असंच हालते. त्याचा हिसका कापाचा, उरन तो वाऱ्याचा."

भगवंतरावांचा जन्म कापसाच्या बाजारात गेलेला. बारदान्याच्या, म्हणजे पोत्याच्या, नावानं अडते वजनातून कडता, म्हणजे ठरावीक घट, कापत, आणि त्या कडत्यावरून त्यांचं अर्ध्या बाजाराशी वैर.

"म्हंजे जहाजाचा कडता कापता!" ते उजळले, आणि लगेच भडकले. "मंग तुमी अडत्येच! चोर साले!"

 जमुना मागं वळली.

"बाबा, काट्यापाशी आपला मानूस उभा नसला का इकनारा डुबलाच, असं तुमीच म्हनता ना? मंग मले पाठवा. मी उभी रायतो काट्यापाशी."

भगवंतरावांना हे बिनतोड पटलं. "जाय पोरी. मापात मारू देजो नोको."

जहाजावर बायांना घेत नाहीत, हे शालिकराम सांगणारच होता. पण जमुनेनं बैलांच्या शेपट्या पिळल्या, गाडी उसळली आणि ते वाक्य त्यानं गिळलं.

आज आरतीला हात जोडाल, तेव्हा बापाच्याच शब्दात बापाला पकडून नवऱ्याची सुटका करणाऱ्या जमुनेची तेवढी आठवण असू द्या.