ती काळी पट्टी माझी नव्हती

थांबा, नाणं टाकण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी मोहाडीतली व्हिडिओ गेमची पेटी. मला वाजायची सवय आहे, बोलायची नाही. पण एकदा बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, या विचाराने अजूनही माझा जीव तळमळतो.

नागपुरात एका सुताराने प्लायवूडचं माझं अंग घडवलं. त्यात जाडजूड काचेची पिक्चर ट्यूब बसली आणि पोटात विमानांच्या लढाईचा बोर्ड. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमारास भैय्यालालने मला टेम्पोत घालून घरी आणलं. भैय्यालाल विणकर. त्याच्या हातमागाच्या खोलीला लागून बंदिस्त ओसरी होती, तिथे मला उभं केलं. पलीकडे मागाची खटखट, अलीकडे माझा धडधडाट. त्याची बायको चंद्रकांता मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता पोरांना नाणी सुटी करून द्यायची आणि आवाज फार झाला की मला "भवानी" म्हणायची. मी मनावर घेतलं नाही. भवानी तर भवानी.

पुढे माझा बोर्ड जळला. तोवर मुलगा अमर हाताशी आला होता. त्याने माझ्या पोटात एक जुना कॉम्प्युटर ठेवला आणि त्यात एम्युलेटर घातला. एम्युलेटर म्हणजे जुन्या बोर्डाचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. सोंगच ते, अधूनमधून उघडं पडायचं. विमानं वेगात निघाली की चित्र मधूनच फाटायचं, वरचं पुढे आणि खालचं मागे. अमरला ते दिसलंच नव्हतं. भैय्यालालला दारातूनच दिसलं.

"मधात धागा तुटल्यावानी दिसून राहिलं रे," तो म्हणाला.

अमरने सेटिंग उघडली, चित्राचा वेग ट्यूबच्या वेगाशी जुळवला, आणि फाट गेली. तेव्हापासून घरात बाबूजींच्या, म्हणजे भैय्यालालच्या, नजरेला आणखीच मान आला. तसा तो आधीही होताच. कोशाच्या रेशमी साडीत कुठे धागा सुटला तर हात न लावता तो सांगायचा. या घरची रीतच अशी, की त्याने दोष दाखवला की माग थांबवायचा आणि धागा शोधायचा. बघणाऱ्यावर शंका घ्यायची नाही. नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

त्या वर्षी दिवाळी झाली, गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरू लागली. सानगडीच्या मंडईत मला न्यायचं ठरलं. टेम्पो दुपारी यायचा होता. निघण्याआधी एकदा खेळून पाहावं म्हणून भैय्यालाल माझ्यासमोर बसला आणि दोन मिनिटांत त्याने हात उचलला.

"अमर, डावीकडं काळी पट्टी येऊन राहिली. आन् धाग्याचे तुकडे उडून राहिले सारीकडं."

माझ्या पडद्यावर तेव्हा निळं, स्वच्छ आभाळ होतं. पट्टी नाही, धागा नाही. मी ठणठणीत होते हो!

अमर वाकून वाकून पाहत होता. "मले काहून दिसत नाही?" तो पुटपुटला, आणि त्याने दोष स्वतःच्या नजरेला दिला. चित्र मऊ करणारा फिल्टर काढला. रंगांची सेटिंग बदलली. गेमची दुसरी फाईल घातली. ट्यूबची केबल काढून फुंकर मारून परत लावली.

"आता?"

"हाये."

"आता?"

"वाढली बा. चमकूनही राहिलं बाजूनं."

मला धडकी भरली. माझी पट्टी असती तर ती अमरलाही दिसली असती. ती भैय्यालालच्या डोळ्यात वाढत होती आणि पोरगा माझ्या पोटात हात घालून बसला होता. ओरडावंसं वाटलं, पण मला विमानाचा आवाज काढता येतो, तेवढाच. एक गोष्ट मात्र मला दिसली होती. आदल्याच दिवशी भैय्यालालने मागावरचा बल्ब विनाकारण बदलला होता. तिथेही त्याला पट्टी दिसली असणार. विणकराचे डोळे गेले की माग गेला. म्हणून दोष बल्बमध्ये निघावा, नाहीतर माझ्यात निघावा, अशी त्याची धडपड चालली होती. त्याचा राग नाही आला मला.

बाहेर टेम्पो येऊन हॉर्न वाजवू लागला. अमर घामाघूम. "दोन मिनिट थांबा!" तो ओरडला आणि पुन्हा सेटिंगमध्ये शिरला. तेवढ्यात वीज गेली. काचेवर ऊन पडू नये म्हणून दार लोटलेलं होतं, त्यामुळे ओसरीत एकदम अंधारलं.

"चमक तं अजून दिसूनच राहिली," भैय्यालाल म्हणाला.

चंद्रकांताच्या हातातली कांडी खाली पडली.

"अवो, लाईन गेली," ती हळूच म्हणाली. "भवानी तं बंद हाये."

तिने लोटलेलं दार उघडलं. मग तिने पुढे होऊन नवऱ्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला. "मी दिसून राहिली का तुमाले?"

"अर्धीच," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडू लागला.

ज्या टेम्पोत मी मंडईला जाणार होते, त्यात भैय्यालाल बसला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून त्याला नागपूरला धाडलं. डोळ्याचा आतला पडदा सुटत चालला होता, ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर डावा डोळा पुरता गेला असता. आता त्या डोळ्याने धूसर दिसतं, उजवा चांगला आहे. भैय्यालाल अजून मागावर बसतो. नाजूक काठ मात्र चंद्रकांता विणते.

मी ओसरीतच आहे. आज सकाळी भैय्यालाल माझ्यासमोर बसून म्हणाला, "कोपऱ्यात लाल डाग दिसून राहिला."

अमरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातलं काम टाकून त्याने बापाची हनुवटी धरली आणि डोळ्यात डोकावला.

"अरे, खराच हाये तो डाग! तुले नाही दिसत का?"

"दिसते, बाबूजी. पन आधी दवाखाना."

बाप कुरकुरत राहिला, लेकाने त्याला गाडीवर बसवलं आणि दोघे भंडाऱ्याला गेले. घाईत मला बंद करायचंही राहून गेलं.

भैय्यालाल, डाग माझाच आहे रे. माझी ट्यूब म्हातारी झाली. परत आल्यावर बदल, नाहीतर भंगारात घाल. पण तू आधी डोळे नीट दाखवून ये. मी थांबते.