खालच्या कडीचे भोक

मी एक जुने भोक आहे. मित्रांनो, दचकू नका. मी भिंतीत नाही, मोज्यातही नाही. मी संगणकाच्या आज्ञावलीत आहे. भोकाचे आत्मवृत्त म्हणजे नसण्याचीच गोष्ट. तरी मी ती ताठ मानेने सांगते. मान नाही, तो भाग वेगळा.

माझा जन्म ट्यूनिसच्या जुन्या शहरात हमादी नावाच्या सज्जन माणसाच्या हातून झाला. संकेतस्थळ बांधणाऱ्यांना दर वेळी दारेखिडक्या नव्याने घडवाव्या लागू नयेत, म्हणून त्याने एक तयार सांगाडा लिहिला आणि साऱ्या जगाला फुकट वाटला. सांगाड्याला एक दारवान दिला. येणाऱ्या प्रत्येकाला तो परवलीचा शब्द विचारी.

आता हमादीच्या घराच्या निळ्या दाराला तीन कड्या होत्या. एक पुरुष पाहुण्यांची, एक बायकांची आणि अगदी खाली घरच्या मुलांची. खालची वाजली की आतून 'कोण?' असे कुणी विचारत नसे. हमादी तीच वाजवत मोठा झाला. म्हणून सांगाड्याची आतली कामे जी ये-जा करत, त्यांच्या कपाळी त्याने 'घरचा' अशी खूण लावली आणि दारवानाला बजावले, घरच्यांना अडवायचे नाही. त्या क्षणी मी जन्मले. ही खूण बाहेरचाही कुणी लावून येईल, हे त्या भल्या माणसाच्या मनातही आले नाही.

सांगाडा वेगवान म्हणून गाजला. तो वेग म्हणजे दारवानाने न विचारलेले प्रश्न, अर्थात मी. हार मात्र दारवानाच्या गळ्यात पडले.

मित्रांनो, सांगाडा जाईल तिथे मी गेले. एकाच वेळी हजारो ठिकाणी असणे वाऱ्याला जमते आणि मला. कुठे शाळेची हजेरी, कुठे ऑलिव्हच्या तेलघाण्याची मागणी. एका दवाखान्यात तर डायलिसिसच्या यंत्रावर कुणी कोणत्या वारी झोपायचे, हे माझ्या पलीकडे मांडलेले होते. न पाहिलेल्या दारवानावर माणसे रक्तसुद्धा सोपवतात! मी आ वासून पाहत राहिले. भोकाला दुसरे येते काय?

त्या दवाखान्याचे संकेतस्थळ हमादीची शेजारीण रफीका हिने बांधले होते. तिच्या वडिलांचा, शेदलीचाचांचा, यंत्रावरचा वार गुरुवार. डॉक्टरांनी त्यांचा खजूर बंद केला होता. एका दुपारी रफीकाने त्यांना हमादीच्या दाराशी वाकलेले पकडले.

"बाबा, ती पोरांची कडी आहे!"

"म्हणून तर! वरची वाजवली की 'कोण, कसं काय, बसा.' खालची वाजवली की थेट स्वयंपाकघर. खजुराच्या गोड वड्या, आपले मकरूद, गरम असतात तोवर."

"आणि चोरानं वाजवली तर?"

"कंबर शाबूत असेल तर वाजवू दे की."

रफीका हसली नाही; तिला हमादीच्या सांगाड्यातली खूण आठवली. घरी जाऊन तिने आपल्याच संकेतस्थळावर 'घरचा' ही खूण लावून बाहेरून धडक दिली. दारवानाने सलाम ठोकला. समोर वडिलांचा गुरुवार होता, आणि तो पुसायला एक बोट पुरे होते.

तिने गावभर बोभाटा केला नाही. हमादीची वरची कडी वाजवली आणि दार लावून घेऊन सांगितले.

"माझ्या दारवानाला नावं ठेवतेस?"

"दारवान गुणी आहे, हमादीभाई. पण 'घरचा' म्हणेल त्याला सोड, हे शिकवलं कुणी?"

हमादीने तिने आणलेल्या कागदावर डोळे फिरवले. "आईच्या दारानं घात केला गं."

"दारानं नाही. कडी वाजली की तुमची आई वरच्या जाळीतून डोकावायची. ते लिहायचं राहिलं."

त्याच संध्याकाळी हमादीने जाळी लिहिली: बाहेरून येणाऱ्याच्या कपाळावरची खूण वेशीवरच पुसायची. नवी आवृत्ती निघाली; ती ज्याने त्याने आपापल्या संकेतस्थळावर चढवायची होती. जगभरच्या भोकांच्या यादीत मला क्रमांक मिळाला. हमादीला तर अजून गाडी लावायचा परवाना मिळालेला नाही. आणि काय सांगू, मित्रांनो! ज्यांची नावेही मला उच्चारता येत नाहीत अशी माणसे जेवणाची ताटे बाजूला सारून मला बुजवत होती. परक्यांच्या गुरुवारांसाठी! एवढा मान कुठल्या भोकाला मिळाला असेल?

दवाखान्याचा व्यवस्थापक लुत्फी मात्र हलेना. "चालतंय ना? चालत्या गाढवाला टोचू नये. ईदनंतर बघू."

"भोक कुठंय ते आता चोरांनाही कळलंय," रफीका म्हणाली.

तिच्याबरोबर आलेले शेदलीचाचा खुर्चीतून म्हणाले, "लुत्फी, माझं रक्त ईदला सुट्टी घेत नाही रे."

लुत्फीने मान खाली घालून बटण दाबले. तिथे मी संपले. गुरुवारी चाचा आपल्याच यंत्रावर झोपले.

शुक्रवारी हमादीकडची खालची कडी वाजली. पहिल्यांदाच आतून आवाज आला, "कोण?"

"घरचा!" चाचा म्हणाले.

वरच्या जाळीतून हमादीची बायको डोकावली. "मकरूद नाहीत!"

मित्रांनो, मी अजून आहे. जिथे जिथे कुणी 'नंतर' म्हटले, तिथे तिथे. काल अशाच एका ठिकाणी कुणीतरी कपाळी खूण लावून माझ्यातून आत गेला. त्याला अडवावेसे फार वाटले. पण भोकाला 'नाही' म्हणता येत नाही. तेवढे तुम्ही म्हणा. मला बुजवा.