फळीवरचा एक्सल

मुलगा-सून शर्यतीला गेलेत तर शेड तरी झाडून ठेवावी, एवढ्याच विचाराने सूतभरकाका स्टुलावर चढले. वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट पडलं होतं. ग्रीसचा पंप असेल म्हणून त्यांनी ते ओढलं. हाताला वजन लागलं आणि कागद उघडण्याआधीच त्यांना कळलं. तरी त्यांनी तो उघडला.

आत चाकाचा दांडा होता, एक्सल. काळा, खरबरीत, भट्टीतून नुकताच आल्यावर असतो तसा.

काका स्टुलावरच बसले. उभा माणूस स्टुलावरून न उतरता त्यावरच कसा बसला, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: हा इथे आहे, तर गाडीत काय आहे?

गाडीत काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काका चाळीस वर्षं एका कारखान्यात लेथवर लोखंड कातायला होते. "सूतभर कमी वाटतंय का हो?" असं जो येईल त्याला विचारायची खोड, म्हणून हे नाव पडलं. स्वतःच्या हातावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. त्यामुळे ते प्रत्येक वस्तू दोन वेळा करायचे. आधी साध्या, मऊ लोखंडात रंगीत तालीम, मग चांगल्या पोलादात खरी. तालमीचा तुकडा कुणाची नजर नसताना भंगाराच्या डब्यात जायचा. घरच्यांनाही याचा पत्ता नव्हता. पहिल्या झटक्यात जमत नाही हे चारचौघांत कोण सांगणार?

मग घरात सून आली. गाड्या दुरुस्त करणारी, गॅरेजवाली. सासरच्या शेडमध्ये जुना लेथ आहे म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. जुन्या गाडीचा सांगाडा आणून तिने त्याची शर्यतीची गाडी करायला घेतली, आणि बाजारात न मिळणारे भाग सासरे घडवू लागले. आठ महिने दोघं तेलात बरबटलेले. मुलगा म्हणायचा, "लग्न माझ्याशी झालंय की बाबांच्या लेथशी?"

मागच्या उजव्या चाकाचा एक्सल नेहमीपेक्षा वीतभर आखूड हवा होता. हा भाग जोखमीचा. त्या गाडीत चाक त्या दांड्यानेच धरलेलं असतं. दांडा तुटला की चाक सुटून जातं. काकांनी नेहमीसारखी तालीम केली, आणि ती इतकी देखणी उतरली की टाकवेना. मऊ लोखंडावर झळाळी छान येते. आरशासारखा दांडा, टोकाचे दाते एकसारखे. सून मागे येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही.

"बाबा! पहिल्याच फटक्यात?"

तेव्हा "नाही गं, हा नुसता सराव" एवढं म्हणायचं होतं. पाच शब्दांचं काम. पण तिने पुढे म्हटलं, "उस्ताद आहात हो तुम्ही," आणि जन्मात पहिल्यांदा कुणीतरी उस्ताद म्हटल्यावर काका म्हणाले, "हं."

खरा एक्सल त्यांनी नंतर केला, कडक करायला भट्टीवाल्याकडे दिला, आणला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून फळीवर ठेवला. तालमीचा लेथशेजारीच पडून राहिला. त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला. दोन दिवसांनी सून दारातून ओरडली, "बाबा, भट्टीतून आणलेला एक्सल बसवला! पॉलिशसुद्धा करून ठेवलात की!" तापाच्या गुंगीत काकांना तेवढं 'बसवला' पोचलं. समाधानाने त्यांनी पांघरूण ओढून घेतलं.

आता ते सगळं एकदम अंगावर आलं.

फोन लावला. सुनेचा वाजत राहिला, मुलाचाही वाजत राहिला. इंजिनांच्या त्या गदारोळात कोण उचलणार? काका पुडकं छातीशी धरून स्वयंपाकघरात गेले.

"अहो, काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा!" बायको म्हणाली.

"स्कूटर काढ."

"पण झालं काय?"

"स्कूटर काढ!"

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने गॅस बंद केला आणि किल्ली घेतली. स्कूटर तिलाच यायची. काका मागे बसले, लोखंडाचा दांडा तान्ह्या मुलासारखा कवटाळून. वाटेत तिने तीनदा विचारलं, "अहो, बोला तरी!" पण काकांचं एकच, "जोरात घे." शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, नका सांगू. निदान तो दांडा माझ्या बरगडीत खुपसू नका."

शर्यत एका बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. सकाळी प्रत्येकीच्या दोन हलक्या फेऱ्या झाल्या होत्या. आता वेगाची फेरी. काका पोचले तेव्हा सुनेची निळी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. तिच्या पुढे कुणीच नव्हतं. नुसता रस्ता होता.

"काका, दोरीच्या आत यायचं नाही," झेंडेवाला म्हणाला.

लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोपरा धरून बसणारे काका दोरीखालून वाकून गेले. झेंडेवाल्याने त्यांची बाही धरली, ती शिवणीत उसवली. झेंडा वर गेलेला होता. काका बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले आणि काळा एक्सल त्यांनी बॉनेटवर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच. निळ्या रंगाचा टवका उडाला.

इंजिन बंद झालं. आजूबाजूला कुणी हसलं, कुणी शिटी मारली. मुलगा धावत आला. "बाबा! डोकं फिरलंय का तुमचं? आठ महिने वाट बघितलीय तिने!"

सुनेने हेल्मेट काढलं. आधी बॉनेटच्या टवक्याकडे बघितलं, मग एक्सलकडे.

"हे काय आहे?"

"हा खरा," काका म्हणाले.

"मग आत काय आहे?"

"माझा सराव. मऊ लोखंड. मी... मी आधी एक करून बघतो. नेहमीच."

ती गाडीतून उतरली. मागोमाग आलेल्या झेंडेवाल्याने काकांची उसवलेली बाही पुन्हा धरली होती. त्याने ती हळूच सोडली.

गाडी ढकलत बाजूला नेली. जॅक लावला, चाक काढलं. सुनेच्या हालचाली झटक्याच्या होत्या, रागाच्या. "सकाळी दोन फेऱ्या मारल्यात मी याच्यावर," ती पाना फिरवता फिरवता म्हणाली. "काही झालं नाही. कळतंय का बाबा? काही झालं नाही, आणि माझा नंबर गेला."

एक्सल ओढताना अडला. काकांनीही हात लावला, तेव्हा निघाला. सुनेने तो फडक्याने पुसला आणि उन्हात धरला. चकचकीत, सरळ, कुठे तडा नाही.

"बघा," ती म्हणाली. "ठणठणीत आहे."

काकांना क्षणभर वाटलं, आपणच वेडे. सूतभर शंका आली की जगाला वेठीला धरणारे. मग ते म्हणाले, "रेघ बघ."

"कसली रेघ?"

कोणताही दांडा केला की काका त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईसारख्या टोकाने एक बारीक सरळ रेघ ओढत. त्यांना काम शिकवणाऱ्याची ती सवय होती. दांड्याने काय सोसलं ते दांड्यालाच सांगता यावं म्हणून.

सुनेने दांडा डोळ्यांजवळ नेला. एका टोकाला तिला रेघ सापडली. तिने नख त्या रेघेवर ठेवलं आणि पुढे नेऊ लागली. नख सरळ जाईना. ते दांड्याभोवती वळत गेलं, वळत गेलं, आणि दुसऱ्या टोकाला पोचलं तेव्हा पार मागच्या बाजूला होतं. ओला टॉवेल पिळावा तसा दांडा आतल्या आत पिळला गेला होता. नुसत्या दोन हलक्या फेऱ्यांत.

तिच्या हातून तो खाली पडला. मऊ, बद्द असा आवाज झाला.

"अगं बाई," काकांची बायको म्हणाली, आणि तिथेच टायरवर बसली. मुलाने उगाचच सुटलेलं चाक उचललं, ठेवलं, परत उचललं. तो समोरच्या मोकळ्या धावपट्टीकडे बघत होता.

झेंडेवाला जवळ आला. रागावला नव्हता. "काळा बसवून घ्या हवं तर," तो म्हणाला. "शेवटचा नंबर देतो. अर्धा तास आहे."

सून सासऱ्यांकडे वळली, आणि काकांना वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"बाबा, स्टीअरिंगचा जोड तुम्हीच केलात. पुढच्या चाकांच्या खुंट्या. ब्रेकच्या पेडलची पिन. त्यात सरावाचं काही नाही ना?"

"नाही," असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. त्या सगळ्यांचे सराव त्यांनी भंगारात टाकले होते. टाकले होते ना? डब्यात टाकताना हातात कोणता होता? ते तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले.

सुनेने ते पाहिलं. तिने झेंडेवाल्याला मान हलवून नको म्हटलं.

गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली. शेडमध्ये घेतली आणि सुनेने ती उघडायला सुरुवात केली. भट्टीत जाऊन आलेला असायला हवा असा एकेक भाग काढून ती जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर ठेवत गेली. काका कपडे न बदलता, त्याच उसवलेल्या बाहीने, खाली बसले. त्यांच्या हातात कानस होती. कडक पोलाद असेल तर कानस वरून घसरते. मऊ असेल तर चावते. साधी परीक्षा आहे.

"मला आधी सांगितलं असतं," सून गाडीखालून म्हणाली, "तर मीही दोन दोन करायला शिकले असते."

काकांनी कानशीतला कीस झटकला.

तिने हात लांब करून स्टीअरिंगचा जोड पुढे केला. काकांनी तो गुडघ्यांत धरला, कानस टेकवली आणि श्वास रोखून ओढली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली.

"कडक आहे," ते म्हणाले.

सून गाडीखालून बाहेर आली. त्यांच्यासमोर उकिडवी बसली, जोडावर नजर रोखून.

"परत ओढा," ती म्हणाली.

काकांनी परत ओढली.