काचबंद केबिन

बाबांनी तीस वर्षं चालवलेला ट्रक नव्यासारखा करताना एसीचा हट्ट माझाच. मेकॅनिकने दोन सुचवले: डॅशबोर्डखालचा छोटा, नाहीतर टपावरचा मोठा. "मोठ्याला काचा कायमच्या बंद कराव्या लागतील," तो म्हणाला. मी म्हटलं, "करून टाक!"

आज मोठा एसी बसवून, काचा बंद करून मेकॅनिक जेवायला गेल्यावर मी केबिनमध्ये बसलो, एसी लावला, दार ओढून घेतलं आणि गारव्यातही घाम फुटला. दोन्ही दारांची आतली हँडलं कधीच तुटलेली; आम्ही खिडकीतून हात बाहेर काढून दार उघडायचो.

मी काच बडवली. बाबा सावकाश आले, हँडलवर हात ठेवून थांबले.

"मी चालवत होतो तेव्हा नाही सुचला तुला एसी," ते म्हणाले आणि हँडल सोडून निघाले.