शंभरातले नव्वद

उजवी किडनी काढून सूर्यभानला दीड महिना झाला होता. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर प्रज्ञा रिपोर्ट पाहून एक तक्ता भरत होत्या. गाठ केवढी होती, बाहेर पसरली होती का, पेशी कशा होत्या, अंगात रक्त किती.

"काका, आधी किडनीचा काही त्रास नव्हता ना? पित्ताच्या सोनोग्राफीत गाठ अचानक दिसली, असं लिहिलंय."

"व्हय."

"मग चांगलं आहे. तुमच्यासारख्या शंभरातले नव्वद जण पाच वर्षांनीही चालते-फिरते असतात. आता सहा महिन्यांनी या."

बायकोने, भीमाबाईने, हात जोडले. सूर्यभानचं 'व्हय' मात्र खोटं होतं. मागच्या उन्हाळ्यात दोनदा लघवीतून रक्त गेलं होतं. लाजेपायी त्याने घरी नुसतं 'उन्हाळी लागलीय' एवढंच सांगितलं आणि जिऱ्याचं पाणी पिऊन गप्प बसला.

मग हे नव्वद खरे की खोटे? तो गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजायचा. नमुना खोटा तर फॅट खोटं, हे लोकांना रोज सुनावायचा. पण नमुना कसाही असो, कॅनमधलं दूध तर तेच राहतं. गाठही तीच होती, आणि आता तर काढूनही टाकली. मग रक्ताचं सांगितल्याने आयुष्य कमी कसं होणार? अन् लपवल्याने वाढणार कसं?

"म्याडम," तो चाचरत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं."

त्याने सांगितलं. भीमाबाई बघतच राहिली. "आन् मी येडी जिरं भिजवीत बसले."

डॉक्टरांनी तक्त्यात खाडाखोड केली. "आकडा थोडा खाली येतो."

"म्हंजी मी आत्ता जास्त आजारी झालो?"

"नाही. होतात तसेच आहात. आकडा शंभर जणांचा असतो, त्यात तुम्ही कुठले ते मलाही सांगता येत नाही. फक्त आता तीन महिन्यांनी या."

सूर्यभानने मान हलवली, पण उमगलं काहीच नाही. जिन्यात तो थांबला. नव्वदाचे किती झाले, हे विचारायचंच राहिलं होतं. परत वर जावं की नको?

"चला," भीमाबाई म्हणाली. "उद्यापासून लघवीचा रंग रोज मला सांगायचा."

"रोज?"

"दोन टाइम."