मनगटावरचा लाल दोरा

"देतेस तर देऊन टाक. शेपूट लावून देऊ नकोस," असं मावशी म्हणाली होती, आणि थोरलीने ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या दिवशी हॉलभर पसारा होता. कपाटावरून सॅक खाली काढली होती, आणि तिच्या पोटातून गुंडूची लहान झालेली झबली, टोपडी, एका पायाचे मोजे असं काहीबाही बाहेर येत होतं. सॅक थोरलीची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हौसेने घेतलेली, कमरेला रुंद पट्टा असलेली. ती पाठीवर टाकायची आणि परदेशात महिनोन् महिने भटकायचं. वाटेत शेतांवर राबायचं, शेतीची कामं शिकायची, मालक त्या बदल्यात जेवायला घालतात आणि झोपायला जागा देतात. हा बेत तिने इतक्या जणींना सांगितला होता, की काहींना ती जाऊन आली असंच वाटायचं. मग नोकरी लागली, मग लग्न ठरलं, मग गुंडू झाला. सॅक कपाटावर चढली ती चढलीच.

आणि त्या दिवशी धाकटी आली आणि शेजारणीकडे शिडी मागावी तितक्या सहज म्हणाली, "ताई, तुझी सॅक नेऊ? मी चाललेय शेतांवर काम करायला."

"ने की," थोरली म्हणाली. "पण नाही झेपलं तर मुकाट्याने परत आणायची. मग मी जाणार."

धाकटी हसली. मावशी हसली नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने तिने थोरलीला ओट्याजवळ गाठलं आणि ते शेपटाचं ऐकवलं.

"अगं, गंमत केली मावशी!"

"तुला गंमत. तिला सायकल आठवली असेल," मावशी म्हणाली, आणि पेला विसळून पालथा घातला.

सायकलीचं असं होतं, की त्या दोघींच्या आईने घरात एक रीत पाडली होती. जिला जे झेपत नाही, ते तिच्याकडून काढून दुसरीला द्यायचं. काम असो, वस्तू असो. आईच्या लेखी हा न्याय होता. धाकटीला नवी सायकल मिळाली आणि साखळी सारखी पडते म्हणून ती कुरकुरली. "नको असेल तर ताईला देते," आई म्हणाली, आणि खरंच दिली. थोरलीने साखळीला थेंबभर तेल सोडलं आणि शाळा संपेपर्यंत ती सायकल मिरवली. तेव्हापासून धाकटीने तक्रार म्हणून केली नाही. अंगात ताप असला तरी "मस्त आहे" म्हणून दप्तर उचलायची. आई गेल्यावर रीतही गेली असं थोरलीला वाटत होतं.

धाकटी गेली, आणि तिकडून व्हिडिओ यायला लागले.

आधी कुंपणाची तार ताणायला शिकली. मग गवताचे भारे गुडघ्याने ढकलत रचायला शिकली. मग ट्रॅक्टर. थोरली गुंडूला मांडीवर घेऊन ते बघायची, आणि एकदा बघून तिचं भागायचं नाही. धाकटीचे दंड रापलेत. कोणाचा तरी ढगळ शर्ट घातलाय. मागे सगळं हिरवंगार, आणि आभाळ एवढं मोठं की थोरलीच्या खिडकीतून दिसणारा तुकडा त्याच्या खिशात मावेल. खिडकीच्या गजांवर गुंडूचे लंगोट वाळत असायचे.

"आज काय शिकल्या बाईसाहेब?" नवरा ऑफिसातून आल्यावर विचारायचा.

"वासराला बादलीतून दूध प्यायला शिकवलंय. त्याला कसलं शिकवायचं? दिसलं दूध की पितं!"

पण तसं नव्हतं, आणि हे थोरलीला पक्कं कळलं होतं, कारण तो व्हिडिओ तिने चारदा पाहिला होता. आईवेगळं केलेलं वासरू बादलीकडे ढुंकूनही बघत नाही. दुधात बुडवलेली बोटं आधी त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत उतरवायचा, आणि नाकाला दूध लागलं की बोटं अलगद काढून घ्यायची. धाकटीने ते असं काही केलं, की वासराला आपण फसलोय हे कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने दुधात बोट बुडवून गुंडूवर तोच प्रयोग केला. गुंडूला वाटीतून प्यायला शिकवायचं म्हणून ती महिनाभर घायकुतीला आली होती. गुंडूने बोट चोखलं, वाटीपर्यंत आला, आणि ऐन वेळी नव्या दोन दातांनी कडकडून चावला. वाटी पालथी. दूध चटईवर.

"वासरं शहाणी असतात," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

हसायला तिलाही आलं असतं, पण तिने फडकं घेऊन चटई पुसायला घेतली. खरं सांगायचं तर तिच्या पोटात दुखत होतं. ते दुखणं असं चमत्कारिक, की धाकटी पडावी, आपटावी, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिला फक्त एवढंच वाटत होतं, की धाकटीला थोडं कमी जमावं.

एकदा फोनवर धाकटी म्हणाली, "ताई, हातांची पार वाट लागलीय गं. रात्री मूठ मिटत नाही."

"का? झेपत नाहीये का?"

हे इतकं पटकन आणि इतक्या आशेने तोंडातून गेलं, की थोरलीचं तिलाच ऐकू आलं.

"छे छे! झेपतंय की. मस्त झेपतंय," धाकटी म्हणाली. "उद्यापासून शेळ्यांचे खूर कापायचेत. शेळीला भिंतीशी दाबून धरायचं, पाय मागे दुमडून घ्यायचा आणि वाढलेली कड कात्रीने छाटायची. आत गुलाबी दिसलं की थांबायचं."

"हातमोजे घाल."

"घालते गं. काय करतोय माझा बोका?"

त्यानंतर हातांचा विषय निघाला नाही.

शेवटचा व्हिडिओ आला तो दोन दिवसांपूर्वी, सकाळी. धाकटी पुन्हा त्या वासराला पाजत होती, पण डाव्या हाताने. उजवा हात अंगालगत सोडलेला, मनगटापर्यंत हातमोजा घातलेला. "मालकीणबाई गेल्या लेकीकडे," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "टोपीवालाही आज पुढच्या गावाला निघाला. आता चार दिवस इथे माझं राज्य!" टोपीवाला म्हणजे तिच्यासारखाच सॅक घेऊन भटकणारा एक पोरगा. शेतावर तिच्याबरोबर काम करायचा, आणि टोपी तो झोपेतही काढत नाही असं तिने एकदा सांगितलं होतं. फोन त्यानेच धरला असावा, कारण शेवटी पुरुषाचं हसू ऐकू आलं. धाकटीही हसली. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

थोरलीने चित्र थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं.

"काय शोधतेयस?" नवऱ्याने दाढी करता करता विचारलं.

"हे बघा. मनगटाला दोरा बांधलाय. लाल."

"कुठेय?"

"हातमोजा संपतो तिथे. त्या टोपीवाल्यानेच बांधला असणार जाताना. आणि ही डाव्या हाताने पाजते म्हणे! नखरे बघा. दोरा दुधात भिजू नये म्हणून असेल."

नवऱ्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "तुला त्रास दोऱ्याचा होतोय, टोपीवाल्याचा, की राज्याचा?"

"मला कसला त्रास?"

ती उठली, खिडकीतले लंगोट ओढून काढले आणि ते ओलेच आहेत हे घडी घालताना कळलं. मग राहवलं नाही म्हणून तिने धाकटीला लिहिलं, 'दोरा छान दिसतोय हं!' आणि पुढे डोळा मारणारं तोंड टाकलं. बऱ्याच वेळाने उत्तर म्हणून नुसता अंगठा आला. राणीसाहेबांना आता बोलायलाही फुरसत नाही, असं म्हणून थोरलीने फोन उशीखाली सरकवला. दुसरा दिवस असाच गेला. धाकटीकडून काही नाही, आणि थोरलीनेही मुद्दाम काही विचारलं नाही.

आज दुपारी ती गुंडूचा लंगोट बदलत होती. आठवड्यापूर्वी त्याच्या पोटरीला काहीतरी चावलं होतं, लाल गांध आली होती. थोरलीने त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी हसत हसत पेनाने त्या लाल डागाभोवती गोल काढून दिला होता. "लाली या गोलाच्या बाहेर गेली तर या," त्या म्हणाल्या होत्या. मग हसू बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि इथून वर लाल रेघ चढताना दिसली तर वेळ बघू नका, तशाच निघा. ते विष अंगात भिनायला लागल्याचं लक्षण."

लाली कधीच ओसरली होती. पेनाचा गोलही अंघोळींनी पुसट झाला होता. तरी थोरली दर वेळी पाय उजेडात धरून बघायची, तसा तिने आज धरला. पोटरी, मग गुडघ्याची मागची घडी, मग मांडी. रेघ नाही.

तिचा हात तिथेच थांबला.

दोरा मनगटाभोवती फिरतो. धाकटीच्या हातावरचा फिरत नव्हता.

तिने गुंडूला तसाच उघडा उचलला, काखेत मारला आणि फोन शोधला. चित्र थांबवलं, मोठं केलं, पुढे सरकवलं, पुन्हा थांबवलं. हातमोज्यातून निघालेलं ते लाल मनगटाला वळसा घालत नव्हतं. हाताच्या आतल्या बाजूने ते सरळ कोपराकडे चाललं होतं, आणि दुमडलेल्या बाहीखाली गडप झालं होतं. हा व्हिडिओ तिने किती वेळा पाहिला असेल! धाकटीच्या कानातले नवे डूल तिला दिसले होते. बुटांना लागलेला चिखलसुद्धा दिसला होता.

फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग लागेचना.

तिने मावशीला लावला. "धाकटीचा फोन आला होता का गं?"

"परवा आला होता," मावशी म्हणाली. "का गं? आवाज असा का येतोय तुझा?"

"काय म्हणाली?"

मावशी घुटमळली. "कणकण आहे म्हणाली. शेळीचा खूर कापताना कात्री लागली होती म्हणे तळहाताला, ते ठणकतंय. मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तर म्हणाली, मालकीण आल्यावर बघू. आणि ताईला सांगू नकोस म्हणाली."

"का नको?"

"ते मला काय विचारतेस?" मावशी म्हणाली, पण चिडून नाही. मग म्हणाली, "तू आधी काय करायचं ते कर. मी येते गुंडूला घ्यायला."

नवरा अर्ध्या तासात घरी आला. त्याने तिकडच्या पोलिसांचा नंबर शोधला. तो इकडून लागेना. वकिलातीत फोन लागला तर ध्वनिमुद्रित बाई बोलायला लागली. "थांब, मी करतो काहीतरी," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि बूट न काढता घरभर फिरत होता. मालकीणबाईंचा नंबर कोणाकडेच नव्हता. टोपीवाल्याचं खरं नावसुद्धा थोरलीला ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्याच्यावर जळली, पण नाव कधी विचारलं नाही.

मात्र शेत तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला नसेल इतकं. नकाशावरची खूण धाकटीने पोचल्या दिवशीच पाठवली होती. मोठ्या रस्त्यापासून गोठ्यापर्यंत पाऊल न पाऊल तिने व्हिडिओंत तळमळत बघून ठेवलं होतं, कुठे काय आहे आणि त्यातलं काय आपल्याकडे नाही ते. तिने जमिनीवर बसकण मारली. आपल्याकडून त्या बाजूला भटकायला गेलेल्यांचा एक ग्रुप होता. लग्नाआधी ती त्यात शिरली होती आणि नंतर कधी बाहेर पडलीच नव्हती. तिथे नुसतं वाचायची, लिहिलं काहीच नव्हतं. आज तिने लिहिलं, आणि प्रत्येक ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिली.

'नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. माझी धाकटी बहीण या शेतावर एकटी आहे, नकाशावरची खूण खाली टाकतेय. तिच्या उजव्या तळहाताला जखम आहे, ताप आहे, हातावर लाल रेघ चढलीय, आणि आज फोन लागत नाहीये. तुमच्यापैकी कोणी दोन-तीन तासांच्या अंतरावर असेल तर कृपा करून आत्ता निघा. तिकडच्या आणीबाणीच्या नंबरवर निघता निघताच फोन करा, आम्हाला तो इथून लागत नाही. मोठ्या रस्त्यावरून आत वळलात की तीन निळी पिंपं लागतील, तिथून उजवीकडे. घराला कुलूप असेल. ते बघून परत फिरू नका. मागे गोठ्याला लागून पत्र्याची खोली आहे, ती तिथे झोपते. दार खाली घासतं, जरा उचलून ढकला. कुत्रा भुंकेल, तो काही करत नाही. ती कदाचित उठून दारात येईल आणि तुम्हाला चहा विचारेल. बसू नका. हातमोजा काढायला लावा, बाही खांद्यापर्यंत वर करून बघा, आणि तशीच गाडीत घालून दवाखान्यात न्या. वासरांना पाजायचंय, शेळ्या बांधायच्यात म्हणून ती अडून बसेल. वासरं एक वेळ उपाशी राहिली तरी चालतील. आणि ती दार उघडत नसेल तर कोणाची वाट बघू नका, दार तोडा. पोचलात की मला फोन करा, नंबर खाली आहे.'